ओव्याच्या फुलाची ओळख

काष्ठौषधींच्या दुकानात ‘ओव्याचे फूल’ या नावाने जो पांढरा, खड्यासारखा व तीव्र वासाचा पदार्थ मिळतो, त्याचा फुलाशी काही संबंध नसतो. जस्तफूल, पुदिन्याचे फूल या शब्दांत ‘फूल’ याचा जो अर्थ आहे तोच येथेही आहे : एखाद्या द्रव्यातून वाफेच्या किंवा उष्णतेच्या साहाय्याने निघून आलेला, स्फटिकरूप झालेला अंश. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात हा पदार्थ पोटदुखीवरचे औषध म्हणून परिचित आहे. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तीन घन पदार्थ एकत्र केले म्हणजे त्यांचा आपोआप द्रव होतो आणि त्यालाच अमृतधारा म्हणतात, हेही पुष्कळांस ठाऊक असते. रसायनशास्त्रात याच पदार्थास थायमॉल हे नाव आहे.

ह्या दोन नावांमध्ये एकोणिसाव्या शतकातील एक महत्त्वाचा शोध दडलेला आहे. वनस्पतिज द्रव्याच्या रासायनिक अभ्यासात दोन पायऱ्या असतात. पहिली, द्रव्यातून एखादे संयुग शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे, म्हणजे विलगीकरण. आणि दुसरी, ते संयुग कोणते हे निश्चित करणे, म्हणजे अभिज्ञान. सामान्यतः ह्या दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेत झाल्या असे गृहीत धरले जाते. ओव्याच्या बाबतीत ते खरे नाही. येथे विलगीकरण बाजारात झाले होते. प्रयोगशाळेने केले ते अभिज्ञान. आणि ह्या अभिज्ञानाचे जे आर्थिक परिणाम झाले, त्यांचा विचार वऱ्हाडासारख्या कच्चा माल पिकविणाऱ्या प्रांताने करणे अगत्याचे आहे.

दाण्याची रचना

व्यवहारात ज्याला ओव्याचे बी म्हणतात ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळ आहे. धने, जिरे, बडीशेप यांच्या कुलातील ह्या वनस्पतीचे फळ पिकल्यावर दोन भागांत दुभंगते. प्रत्येक अर्धुकात सहा सूक्ष्म तैलनलिका असतात : चार पाठीकडील बाजूस व दोन जोडाच्या सपाट बाजूस. ओव्याचा सारा गुण ह्या नलिकांतील बाष्पनशील तेलात साठविलेला असतो. दाणा अखंड असताना वास बेताचा येतो. तो तळहातावर चोळला की नलिका फुटतात आणि वास एकदम उसळतो. थालीपीठात किंवा भज्यांच्या पिठात ओवा घालताना तो हातावर चुरडून घालण्याची जी रीत आहे, तिचे कारण हेच. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी देतात, तेव्हाही तेच तेल उष्णतेने हवेत पसरते.

चांगल्या ओव्यात हे तेल वजनाने सुमारे २ ते ४ टक्के असते आणि त्या तेलात थायमॉलचे प्रमाण सामान्यतः ३५ ते ६० टक्के आढळते. म्हणजे १०० किलो ओव्यातून थायमॉल मिळते ते सुमारे पाऊण किलोपासून फार तर अडीच किलोपर्यंत. हा आकडा ध्यानात ठेवावा; पुढील व्यापाराचा सारा हिशेब त्यावर उभा आहे.

नावांचा घोटाळा

रासायनिक अभिज्ञानाची गरज का भासली हे समजण्यासाठी ‘ओवा’ ह्या शब्दाकडेच पाहावे. मराठीत ओवा, खुरासनी ओवा, किरमाणी ओवा आणि पानओवा अशी चार नावे प्रचारात आहेत. ऐकणाऱ्यास ती एकाच वनस्पतीच्या चार जातींची वाटतात. वस्तुतः त्या चार वेगळ्या वनस्पती असून त्या चार निरनिराळ्या कुलांत मोडतात व त्यांपैकी दोनच एका प्रकारच्या द्रव्याने गंधित आहेत.

खुरासनी ओवा हा धोत्र्याच्या कुलातील असून त्यात हायोसायमीन व स्कोपोलामीन ही विषारी अल्कलॉइडे असतात. किरमाणी ओवा हा दवण्याच्या वंशातील, म्हणजे सूर्यफुलाच्या कुलातील. त्यातून १८३० मध्ये सँटोनिन हे जंतांवरील औषध वेगळे काढण्यात आले. पानओवा तुळशीच्या कुलातील. त्याच्या जाड पानांचा वास ओव्यासारखा असतो, कारण त्या पानांत थायमॉल आणि त्याचा जुळा भाऊ शोभेल असा कार्व्हाक्रॉल हा पदार्थ, यांतील एक किंवा दोन्ही असतात. तात्पर्य, नाव एक असून द्रव्ये भिन्न असतात, तर कुल भिन्न असून द्रव्य एक असते. नावावर विसंबून खुरासनी ओवा नेहमीच्या ओव्याप्रमाणे पोटात घेतल्यास विषबाधा होते. वासावर विसंबूनही निश्चित काही सांगता येत नाही. अशा ठिकाणी रसायनशास्त्राची साक्षच निर्णायक ठरते.

शास्त्रीय नामकरणाचीही स्थिती फार वेगळी नव्हती. ह्याच ओव्यास एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत टायकोटिस अजोवान, पुढे कॅरम कॉप्टिकम आणि आता ट्रॅकिस्पर्मम अम्मी म्हटले जाते. वनस्पतीचे नाव बदलत गेले. तिच्यातील थायमॉल मात्र तेच राहिले.

बाजारातील विलगीकरण

फ्ल्यूकिगर आणि हॅन्बरी यांच्या १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फार्माकोग्राफिया’ ह्या ग्रंथात पुणे व दख्खनमधील इतर ठिकाणच्या दुकानांत ‘अजवाइन का फूल’ ह्या नावाने एक स्फटिकी पदार्थ विकला जातो, अशी नोंद आहे. तो काढण्याची रीत साधी होती. ओवा पाण्याबरोबर भट्टीवर चढवून त्याचा अर्क काढीत. अर्क स्वस्थ ठेवला म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर तेल व तेलातून सुटणारे स्फटिक जमत. ते वेचून घेतले की ‘फूल’ तयार होई.

आधुनिक दृष्टीने पाहिले तर यात जलबाष्पासह ऊर्ध्वपातन आणि स्फटिकीकरण अशा दोन शुद्ध रासायनिक क्रिया आहेत. थायमॉल सुमारे ५० अंश सेल्सियस तापमानास वितळते. ते साध्या हवेत घन राहते, पण पाण्याच्या वाफेबरोबर सहज उडून येते. तेलातील बाकीचे घटक हायड्रोकार्बने असून ती थंडीतही पातळ राहतात. ह्या फरकामुळे कोणतेही महागडे उपकरण हाताशी नसताना दख्खनच्या अर्क काढणाऱ्यास जवळजवळ शुद्ध संयुग मिळू शकले. त्याला रेणूची कल्पना नव्हती. परंतु जो पदार्थ दरवेळी त्याच रूपाचा, त्याच वासाचा व त्याच गुणाचा निघतो तो स्वतंत्र नावास पात्र आहे, एवढे त्याने ओळखले होते. ‘ओव्याचे फूल’ हे नाव म्हणजे ह्या निरीक्षणाची नोंदच होय.

प्रयोगशाळेतील अभिज्ञान

युरोपात ह्याच पदार्थाची वाट वेगळी होती. तेथे थाइम नावाच्या, तुळशीच्या कुलातील एका सुगंधी झुडपाच्या तेलातून १७१९ मध्ये बर्लिनच्या कास्पर नॉयमान यांनी एक स्फटिकी पदार्थ मिळविला. १८५३ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ लालमाँ यांनी त्याचे विश्लेषण करून त्यास थायमॉल हे नाव दिले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला. ह्या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि पुढील साठ वर्षांत दोहोंचे परिणाम एकाच मालाच्या प्रवासात एकत्र आले.

लंडनमध्ये काम करणारे स्कॉटिश रसायनज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी १८५५-५६ मध्ये आणि मुंबईत काम करणारे डॉ. हेन्स यांनी १८५६ मध्ये ओव्याच्या तेलातील स्फटिकांचा अभ्यास केला. हेन्स यांचा निबंध लंडनच्या केमिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील बाजारात विकले जाणारे ओव्याचे फूल आणि युरोपातील थाइमचे थायमॉल हा एकच पदार्थ आहे, असा ह्या संशोधनाचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर काढला गेला हे पाहणे उद्बोधक आहे. त्या काळी वर्णपटमापक नव्हते, वर्णलेखन नव्हते. पदार्थ ठराविक वजनाचा घेऊन तो पूर्ण जाळावयाचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड व पाणी शोषून घेऊन तोलावयाचे आणि त्यावरून कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण काढावयाचे, हे मुख्य साधन होते. जोडीला वितळबिंदू, उत्कलनबिंदू, स्फटिकांचा आकार आणि अम्लांशी होणाऱ्या विक्रिया. दोन पदार्थांची ही सारी लक्षणे जुळली तर ते एक मानावयाचे.

त्या काळच्या निबंधांत थायमॉलचे सूत्र कार्बन २०, हायड्रोजन १४, ऑक्सिजन २ असे आढळते, तर आजच्या पुस्तकांत ते कार्बन १०, हायड्रोजन १४, ऑक्सिजन १ असे असते. यामुळे विद्यार्थ्यास जुने विश्लेषण चुकीचे वाटण्याचा संभव आहे. तसे ते नव्हते. त्या वेळी कार्बनचा भार ६ व ऑक्सिजनचा ८ धरीत. आज तो अनुक्रमे १२ व १६ धरतात. कार्बनचे २० गुणिले ६ आणि १० गुणिले १२ दोन्ही १२० होतात. ऑक्सिजनचे २ गुणिले ८ आणि १ गुणिले १६ दोन्ही १६ होतात. तराजूने दिलेली साक्ष तीच होती. बदलली ती तिची भाषा.

पुढील काळात तेलाच्या उरलेल्या भागाचाही छडा लागला. थायमॉल काढून घेतल्यावर जो पातळ अंश राहतो, ज्यास व्यापारात थायमीन म्हणत, त्यात पॅरा-सायमीन, गॅमा-टर्पिनीन इत्यादी हायड्रोकार्बने असतात. पॅरा-सायमीनच्या सांगाड्यावर योग्य जागी ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक गट बसविला की थायमॉल होते. हाच गट शेजारच्या वेगळ्या जागी बसला तर होते कार्व्हाक्रॉल. दोहोंचे रेणुसूत्र एकच, म्हणून ते परस्परांचे समघटक होत. १८८२ मध्ये स्वीडिश रसायनज्ञ विडमन यांनी जिऱ्याच्या तेलातील क्युमिनाल्डिहाइडापासून थायमॉल कृत्रिम रीतीने तयार केले. एका मसाल्याच्या दाण्यातील द्रव्यापासून दुसऱ्या मसाल्याच्या दाण्यातील द्रव्य बनविता आले, तेव्हा रचनेविषयीच्या अनुमानास बळकटी आली.

अभिज्ञानाचे मोल

थायमॉल हे जंतुनाशक आहे हे लवकरच लक्षात आले. तोंड धुण्याच्या औषधांत त्याचा उपयोग होऊ लागला. १८७९ पासूनच्या लिस्टरिनमधील ते एक प्रमुख द्रव्य आहे. १८८० च्या सुमारास इटलीतील बोत्सोलो यांनी अंकुशकृमीच्या रोगावर ते दिले. हा कृमी अनवाणी पायांतून शरीरात शिरतो, आतड्यास चिकटून रक्त शोषतो व माणसास पांढराफटक करून टाकतो. खाणीत, बोगद्यांत व शेतांत राबणाऱ्या मजुरांचा तो रोग होय. १९०९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रॉकफेलर आयोगाने ह्या रोगाविरुद्ध जी मोहीम काढली, तिचे मुख्य औषध थायमॉलच होते.

थाइमपेक्षा ओव्यातून थायमॉल काढणे पुष्कळ फायद्याचे होते. परिणामी हिंदुस्थानचा ओवा जहाजांतून जर्मनीस जाऊ लागला. लाइपझिगच्या शिमेल कंपनीसारखे कारखाने त्याचे ऊर्ध्वपातन करीत आणि तयार थायमॉल जगभर विकीत. जे ‘फूल’ दख्खनचा अर्क काढणारा आपल्या भट्टीवर काढीत होता, ते आता परक्या कारखान्यातून शुद्धतेच्या छापासह औषधांच्या दुकानात येऊ लागले.

वऱ्हाडच्या वाचकास ह्या व्यवहाराची जात अपरिचित नाही. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा यांवरून नागपुरास पोहोचला आणि वऱ्हाडच्या कापसास थेट बंदराची वाट मिळाली. रुईच्या गाठी बाहेर गेल्या व कापड आत आले. ओव्याच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक टोकाची होती. रुईची गाठ जवळजवळ सर्वच कामी येते. ओव्याच्या १०० किलोंतून हवे असतात ते एक-दोन किलो. उरलेल्या वजनाचेही भाडे भरून माल समुद्रापार जाई. चोथा मात्र निरुपयोगी नव्हे : तेल काढल्यावर त्यात १५ ते १७ टक्के प्रथिने आणि २५ ते ३० टक्के स्थिर तेल राहते व तो गुरांना खाद्य म्हणून चालतो. ते खाद्यही परदेशीच्या गोठ्यात पडे.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि हा व्यापार एकदम तुटला. दाणा हिंदुस्थानात, ऊर्ध्वपातनाचे कसब जर्मनीत आणि रोगी जगभर, अशी विचित्र अवस्था झाली. थायमॉलच्या किमती चढल्या. अमेरिकेत मोनार्डा ह्या रानवनस्पतीतून ते काढण्याचे प्रयोग झाले. हिंदुस्थानातही ओव्यापासून थायमॉल तयार करण्याचे प्रयत्न झाले. पण हा उद्योग येथे पाय रोवून उभा राहण्यापूर्वीच परिस्थिती पालटली. १९२१ मध्ये मॉरिस हॉल यांनी अंकुशकृमीवर कार्बन टेट्राक्लोराइडाचा उपयोग सुचविला व थायमॉलचे औषधातील महत्त्व ओसरले. पाठोपाठ मेटा-क्रेसॉल ह्या द्रव्यापासून कारखान्यात स्वस्त थायमॉल बनू लागले. शेतातील दाण्याची गरज उरली नाही.

यात एक विरोधाभास आहे. ओव्याच्या फुलाची नेमकी ओळख पटली म्हणूनच ओव्यास जागतिक मागणी आली; आणि ती ओळख पूर्ण झाली, रेणूतील प्रत्येक अणूची जागा निश्चित झाली, म्हणूनच ते फूल ओव्यावाचून बनविता आले. रासायनिक अभिज्ञान कच्च्या मालाचा भाव वाढविते तसेच त्याला अनावश्यकही करू शकते. नीळ पिकविणाऱ्या रयतेच्या वाट्यास हा अनुभव ह्याच्याही आधी आला होता.

तरीही ओव्याचे पीक नाहीसे झाले नाही, हेही तितकेच अर्थपूर्ण आहे. निळीचे मोल एका रंगद्रव्यात होते. ते द्रव्य कृत्रिम रीतीने मिळताच झाड मागे पडले. ओवा मात्र स्वयंपाकघरात राहिला, कारण तेथे कोणी थायमॉल वापरीत नाही. टर्पिनीन, सायमीन, स्थिर तेल आणि दाण्याचा कोंडा यांसह जो स्वाद होतो, त्याची जागा एका स्फटिकाने भरून निघत नाही.

वऱ्हाडातील प्रश्न

आज ओव्याच्या लागवडीत राजस्थान व गुजरात आघाडीवर आहेत. वऱ्हाडात अकोला-बुलढाणा भागात काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर, पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरून हे पीक घेतले जाते. दाण्याचा भाव ठरतो तो रंग, टपोरेपणा, स्वच्छता व वास यांवरून. तेलाचे प्रमाण किती आणि त्यात थायमॉल किती, ह्या गोष्टी, ज्यांवर दाण्याची खरी प्रत अवलंबून असते, लिलावाच्या वेळी डोळ्यांस दिसत नाहीत.

त्या दाखविण्याची साधने मात्र आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. १९२८ मध्ये क्लेव्हेंजर यांनी तयार केलेले काचेचे उपकरण मूठभर दाण्यांतील तेल मोजण्यास पुरेसे आहे. तेल ५ टक्के दाहक सोड्याच्या विद्रावाबरोबर घुसळले की थायमॉल अल्कात उतरते व हायड्रोकार्बने वर तरंगतात. खालचा थर वेगळा करून अम्ल घातले की थायमॉल पुन्हा बाहेर पडते. परंतु कार्व्हाक्रॉल हेही फेनॉल असल्यामुळे तेही थायमॉलसोबत अल्कात उतरते. म्हणून ह्या पद्धतीने एकूण फेनॉले कळतात, ती कोणती हे कळत नाही. मिश्र वितळबिंदूची जुनी कसोटी येथे उपयोगी पडते : स्फटिक शुद्ध थायमॉलमध्ये मिसळून वितळबिंदू उतरला नाही तर दोन्ही एकच, उतरला तर भिन्न किंवा अशुद्ध. १९५२ मध्ये जेम्स व मार्टिन यांनी प्रचारात आणलेल्या वायू-वर्णलेखनाने हे काम अधिक सूक्ष्म केले. द्रव्यमान-वर्णपट व अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन यांनी ते निःसंदिग्ध केले.

विज्ञान शिक्षणाची परंपराही येथे नवी नाही. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे नंतरचे विदर्भ महाविद्यालय, १९२३ मध्ये स्थापन झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे, अमरावती विद्यापीठ १९८३ चे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नागार्जुनाच्या नावाचे औषधी वनस्पतींचे उद्यान आहे. जेथे वनस्पती, तराजू आणि प्रयोगशाळा एकाच प्रांतात आहेत, तेथे दाण्याचे पृथक्करण व दाण्याची किंमत यांचा संबंध जोडणे अशक्य नाही. कोणत्या गावच्या जमिनीत, कोणत्या वाणात, कापणीच्या कोणत्या आठवड्यात तेल व थायमॉल किती उतरते, हे पद्धतशीर नोंदले गेले, तर शेतकऱ्यास आपल्या मालाचे वजन तेवढे नव्हे, त्याचा कसही सांगता येईल. लहान भट्टी गावाजवळ उभी राहिली तर भाडे १०० किलोंऐवजी दोन-तीन किलो तेलाचे पडेल आणि चोथा गावच्याच गुरांच्या दावणीत राहील.

१८५६ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेत जे निश्चित झाले त्याचा पूर्वार्ध दख्खनच्या अर्काच्या भट्टीवर आधीच घडलेला होता, हे ओव्याच्या इतिहासाचे पहिले सार. दुसरे असे की, ज्याने दाणा पिकविला आणि ज्याने पहिल्याने फूल काढले त्यांच्या हाती त्या ओळखीचा लाभ आला नाही. तो ज्यांच्याजवळ पृथक्करणाची साधने होती त्यांच्याकडे गेला. मसाल्याच्या दाण्यातील संयुगे वेगळी काढून ओळखणे हा केवळ पदवीच्या प्रबंधाचा विषय नव्हे. त्या कामाचा निष्कर्ष प्रयोगशाळेच्या वहीतून बाजार समितीच्या पावतीपर्यंत पोहोचतो की नाही, ह्यावर ह्या प्रांतापुरते तरी त्याचे मोल ठरणार आहे.